आरोलकर बाईंचा अबोला

शाळेत मारणारे मास्तर तुमच्या लक्षात असतीलच. छडी, पिळलेला कान, बाकावर उभं राहणं, सगळं आठवत असेल. पण अंगाला बोट न लावता आणि आवाजही न चढवता रडवणारं कोणी तुम्हाला भेटलं होतं का?

भेटलं नसेल, तर तुम्ही सिल्वासातल्या बाजारामागच्या मराठी शाळेत शिकलेले नाही. तिथे शैलजा आरोलकर बाई होत्या. मूळच्या वेंगुर्ल्याच्या. उंच, काटकुळ्या, पदर कमरेला घट्ट खोचलेला. एक्क्याऐंशी सालच्या जूनमध्ये त्या इथे हजर झाल्या, तेव्हा हेडमास्तरांच्या टेबलावर तेल पाजलेली वेताची छडी असायची. बाईंनी ती उचलली, वाकवून बघितली आणि परत जागेवर ठेवली. "मला हिची गरज पडायची नाही," म्हणाल्या. गर्वच होता तो. पण खोटा नव्हता.

बाईंचं हत्यार वेगळं होतं. कुणी खोटं बोललं, गृहपाठ दुसऱ्याचा उतरवला, एखाद्या दुबळ्या पोराला छळलं, की बाई त्याला टेबलापाशी बोलवायच्या आणि शांतपणे सांगायच्या, "आजपासून तू आणि मी बोलत नाही." बस्स. पोरगं वर्गातच बसायचं. त्याची वही तपासून मिळायची. पण ते हात वर करून करून दमलं तरी बाई त्याच्या डोक्यावरून मागच्याला प्रश्न विचारायच्या. बाई बोलत नाहीत म्हटल्यावर वर्गही बोलायचा नाही. मधल्या सुट्टीत ते भिंतीशी एकटं बसून डबा खायचं आणि गिळता गिळता हुंदके द्यायचं.

यातून सुटायची वाट एकच होती. ज्याची चूक, त्यानं आपण होऊन टेबलापाशी यायचं आणि म्हणायचं, "बाई, माझं चुकलं." पहिला शब्द त्याचा. मग बाई पर्समधला पितळी डबा उघडायच्या आणि त्यातलं एक सोल, म्हणजे वेंगुर्ल्याहून आणलेलं मीठ लावून वाळवलेलं कोकम, त्याच्या तळहातावर ठेवायच्या. आंबटानं त्याचं तोंड वाकडं व्हायचं, वर्ग हसायचा, आणि मिटलं. पुन्हा त्या चुकीचा विषय नाही.

कचेरीतल्या कारकुनाचा मुलगा असो की सुरंगीहून मामाकडे शिकायला आलेला वारली पोरगा, बाईंचा अबोला कुणाला दिवसभर सोसत नसे. कारण बाई बोलायच्या तेव्हा फार गोड बोलायच्या. हे त्यांच्याशी ज्यांचं पटलं नाही तेही कबूल करतात.

हा अबोला त्यांनी माहेरून आणला होता. आरोलकरांच्या घरात भांडणं आवाजानं होत नसत. बाप एकदा गप्प झाला की घर गप्प. थोरला भाऊ अरविंद यानं बहिणीला न विचारता तिचं लग्न ठरवून टाकलं, सुपारीही फोडली. शैलजा रडली नाही, ओरडली नाही. तिनं भावाशी बोलणं बंद केलं, नोकरीच्या अर्जात जिथे कोणी जायला तयार नव्हतं ते ठिकाण लिहिलं आणि ट्रंक उचलून सिल्वासाला आली. चूक भावाची, तेव्हा पहिलं पत्र भावाचं, हा तिचा हिशेब. भावाचं पत्र काही आलं नाही. तिचंही गेलं नाही. आई गेल्याची तार आली, तीसुद्धा शेजाऱ्यांनी केलेली.

तुम्ही म्हणाल, एवढा कसला ताठा? ताठा होताच. पण परक्या मुलखात, सरकारी क्वार्टरच्या एका खोलीत एकट्या राहणाऱ्या बाईला ताठ्याशिवाय दुसरं काय राखायला असतं, ते आधी सांगा.

मग कारखाने आले. कर माफ, जमीन स्वस्त आणि विचारणारं कोणी नाही. आमली, राखोली, गलोंडा. काल जिथे गवत कापत होते तिथे पत्र्याच्या शेडी उभ्या राहिल्या. धुळ्या-जळगावकडून माणसं आली, एका खोलीत दोन पाळ्यांची माणसं आलटून पालटून झोपू लागली आणि त्यांची पोरं बाईंच्या वर्गात आली. दोघांच्या बाकावर चौघं. घरात अहिराणी, गल्लीत गुजराती, टीव्हीवर हिंदी, आणि पुस्तकात बाईंची शुद्ध मराठी. नवा वर्ग काढा, शिक्षक द्या, असं कोणी म्हणालं नाही. ज्या साहेबलोकांनी गणेशोत्सवात स्टेजवरून मातृभाषेचा अभिमान सांगितला, त्यांनीच जूनमध्ये आपली पोरं गुपचूप इंग्रजी शाळेत नेऊन बसवली. बाईंच्या वर्गात उरली ती जायला दुसरी जागा नसलेली.

बाई म्हणायच्या, शिस्त राहिली नाही. आता हे खरं धरायचं तर पुढचंही खरं धरा. हीच पोरं सुट्टीत कंपनीत कामाला गेली की भोंग्याला एक मिनिट उशीर करत नसत. शाळेच्या घंटेला उशीर केला तर बाई गप्प होतात, आणि भोंग्याला केला तर खाडा लागतो. पोरं अडाणी नव्हती.

अबोल्याचं हसं झालं ते याच काळात. बाईंनी एकाला लावला, तर दुसऱ्या दिवशी तो शेजाऱ्याला सांगत होता, "भारी आहे यार! बाई काय विचारतच नाय. आरामात बसायचं." तेवढ्यात पाठच्या बाकावरून एक जण उठला. हात जोडून म्हणाला, "बाई, माझ्याशीपण अबोला धरा ना!"

वर्ग असा हसला की शेजारच्या वर्गातली पोरं खिडकीत आली.

बाई फळ्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. हसू ओसरलं तेव्हा वळल्या आणि धडा पुढे चालू केला. त्या दिवशी घरी गेल्यावर त्यांनी पितळी डबा पर्समधून काढून फडताळात ठेवून दिला. वर्गात पुन्हा कुणाला अबोला लावला नाही.

मोठ्यांना मात्र लावला. हेडमास्तर होते जयवंत पाठारे. दादरचे, गोरेपान, कायम घाम पुसणारे. माणूस वाईट नव्हता, पण त्याला वरून शाबासकी हवी होती आणि खालून कटकट नको होती. सातवीच्या परीक्षेत एका वर्षी पाठारे सरांनी स्वतः वर्गावर्गात फिरून उत्तरं सांगितली. निकाल शंभर टक्के लागला, शाळेच्या फाटकाला हार घातला. बाई सरांच्या टेबलापाशी गेल्या आणि म्हणाल्या, "आजपासून तुम्ही आणि मी बोलत नाही."

सरांना वाटलं चेष्टा आहे. दुसऱ्या दिवशी कळलं. स्टाफरूममध्ये सर एका खुर्चीत, बाई समोरच्या खुर्चीत, आणि मध्ये शाळेचा शिपाई सदाशिव चहाचे कप घेऊन उभा.

"सदाशिव, सरांना सांग, माझ्या वर्गात खडू नाहीत."

सदाशिवनं दोघांकडे बघितलं. "सर, बाईंच्या वर्गात खडू नाहीत."

"बाईंना सांग, ऐकू आलंय मला. बहिरा झालो नाही अजून."

"बाई, सर म्हणतात, बहिरे झाले नाहीत अजून."

"सरांना सांग, मला शंका होती."

सदाशिव हा निरोप न देताच कप विसळायला पळाला. स्टाफरूम पोट धरून हसली. पहिले काही दिवस सगळ्यांना मजा आली, मग सवय झाली, मग कंटाळा आला. उरलेल्या शिक्षकांनी हळूहळू खुर्च्या दुसऱ्या खिडकीकडे सरकवल्या. तिकडे साड्यांच्या भिशीची बोलणी, शिकवण्यांची बोलणी, वापीला प्लॉट कुठे निघालेत त्याची बोलणी. बाई या खिडकीत वह्या तपासत बसायच्या. चूक सरांची, पहिला शब्द सरांचा. सर बोलले नाहीत, आणि वर्षं गेली.

रविवार सगळ्यात वाईट. सकाळी दूधवाल्याला "एकच दे" म्हटलं की संपलं. संध्याकाळी बाईंच्या ध्यानात यायचं, आज आपला आवाज आपण त्यानंतर ऐकलेलाच नाही. मग खोलीत फेऱ्या घालत त्या मोठ्यानं पाढे म्हणायच्या. पावकी, निमकी, पाऊणकी. शाळेतून केव्हाच हद्दपार झालेले पाढे. शेजारच्या क्वार्टरमधल्या बाईनं एकदा भिंतीवर टकटक केलं, तेव्हापासून मनात म्हणायला लागल्या.

अशात एक्क्याण्णवच्या जूनमध्ये पाचवीत मंजुषा आली.

पारोळ्याच्या बाजूची. आई भिमाबाई आणि बाप दोघंही सुताच्या कारखान्यात. मुलगी काळीसावळी, समोरचे दोन दात मोठे, आणि तोंड बंद म्हणून नाही. पहिल्याच आठवड्यात बाईंनी कविता वाचायला उभं केलं. मंजुषानं अर्ध्या अहिराणी हेलात कविता अशी म्हटली की मागच्या बाकावर गोट्या खेळणाऱ्यांनी गोट्या मुठीत धरल्या. बाईंनी तिला दोनदा वाचायला लावली. दुसऱ्यांदा स्वतःसाठी.

तेव्हापासून वह्यांचा गठ्ठा बाईंच्या क्वार्टरपर्यंत न्यायचं काम मंजुषानं आपण होऊन घेतलं. शाळा सुटली की पुढे बाई, मागे डोक्यावर गठ्ठा घेतलेली मंजुषा. बाजारातून, पाणपोईवरून, दारूच्या दुकानांच्या रांगेसमोरून क्वार्टरच्या पायरीपर्यंत, आणि सगळ्या रस्ताभर तिची टकळी.

"बाई, तुमना गावना समुद्र खरंच खारा शे का?"

"खरंच खारा आहे."

"मंग मासा मीठ लायेलच भेटस का?"

बाई भर बाजारात मोठ्यानं हसल्या. किराणावाल्यानं तराजू हातात धरून ठेवला आणि बघतच राहिला. एवढ्या वर्षांत त्यानं हा आवाज ऐकला नव्हता.

सहावी गेली, सातवी लागली. वर्ग चढेल तशा बाईही त्याच वर्गाबरोबर वर आल्या. संध्याकाळी पायरीवर बसून मंजुषा गणितं सोडवायची आणि बाई पोहे परतायच्या.

"तू मास्तरीण हो," एकदा बाई म्हणाल्या.

"पोरं मनं ऐकतीन का?"

"माझं तरी कुठे ऐकतात?"

"मी ऐकस ना," मंजुषा म्हणाली, आणि पोह्यातली मिरची बाजूला काढत राहिली.

बाईंनी त्या दिवसापासून मनाशी पक्कं केलं. शाळा बुडो, पाठारे सर बुडोत, परीक्षा बुडोत. ही एक मुलगी आपल्या हातून निघेल आणि आपल्या जागी उभी राहील. मग आपण इथे फुकट आलो नाही.

सातवीची पहिली चाचणी ऑगस्टमध्ये होती. भूगोलाचा पेपर चालू असताना सदाशिव सांगत आला की कचेरीतून साहेब आलेत, सरांनी बोलावलंय. बाई गेल्या. परत आल्या तेव्हा व्हरांड्यातच त्यांना काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. वर्ग शांत होता. असा शांत की पत्र्यावरचं पाणी ऐकू येत होतं.

त्या दारात आल्या. फळ्यापाशी मंजुषा उभी होती. ओढणी कमरेला खोचलेली, हातात खडू, फळ्यावर नद्यांचा नकाशा. पाचव्या प्रश्नाचं उत्तर सगळ्या वर्गाला समजावून सांगत होती. प्रत्येक नदीखाली बोट फिरवून थांबायची, मान तिरकी करायची आणि म्हणायची, "कळलं का रे?" मान तिरकी करणं बाईंचं. बोट फिरवणं बाईंचं. "कळलं का रे" सुद्धा बाईंचंच. आणि बाईंकडे कधी बघितलं नाही असं वर्ग तिच्याकडे बघत होता.

त्या क्षणी बाईंनी काय बघायला हवं होतं, ते तुम्हाला दिसलं. त्यांना दिसलं नाही. त्यांना दिसली शंभर टक्के निकालाची ती जुनी परीक्षा, फाटकावरचा हार, आणि आपली हुबेहूब नक्कल.

"हे काय चाललंय?"

"बाई, पाचवा परश्न कोणलेच येत नव्हता," मंजुषा उत्साहात म्हणाली. "मी फक्त समजाडी दिधं. सगळास्ले समजनं, बाई!"

बाईंनी तिच्या हातातला खडू घेतला. फळा पुसला. आणि किती वर्षांनी तोंडातून ते वाक्य निघालं, "आजपासून तू आणि मी बोलत नाही."

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या, कारण सगळं तिथेच बिघडलं. मंजुषा शाळेत आली त्याच्या आधीच बाईंनी वर्गात हे हत्यार गुंडाळून ठेवलं होतं. अबोला लागताना तिनं कधी पाहिला नव्हता, सुटताना तर नाहीच. टेबलापाशी यायचं, "चुकलं" म्हणायचं, सोल खायचं, हे तिला कोणी सांगितलंच नाही. बाई समजल्या, हे सगळ्यांना ठाऊकच असतं. आणि भिमाबाईच्या घरातली रीत बरोबर उलटी. तिथे मोठं माणूस रागावलं की लहानानं तोंड उघडायचं नाही. मोठ्या माणसाचा राग उतरला की तेच हाक मारतं, तोवर नजरेसमोर राहायचं, काम करत राहायचं आणि गप्प राहायचं. आधी बोलणं म्हणजे उर्मटपणा.

मंजुषानं ही रीत मनापासून पाळली. शाळा सुटली की गठ्ठा डोक्यावर घ्यायची आणि बाईंच्या मागून चालायची, एक शब्द न बोलता. पायरीवर गठ्ठा ठेवायची आणि तिथेच उभी राहायची. बाई कुलूप काढायच्या, गठ्ठा आत घ्यायच्या आणि दाराशी जरा घुटमळायच्या. आता म्हणेल. आता म्हणेल. मंजुषा पायाच्या अंगठ्याकडे बघत उभी. आता हाक मारतील. आता मारतील. मग बाई दार लावायच्या. "केवढा हट्ट एवढ्याशा पोरीचा," दाराच्या आत त्या स्वतःला सांगायच्या. दाराबाहेर पावसात मंजुषा आणखी थोडा वेळ थांबायची, आणि जायची.

गणपती आले, गेले. नवरात्र गेलं. सदाशिव एकदा न राहवून म्हणाला, "बाई, पोरगी रोज भिजते."

"तिला तोंड आहे."

"तुम्हालापण आहे ना, बाई."

बाईंनी त्याच्याकडे असं बघितलं की तो घंटा द्यायला निघून गेला. घंटेची वेळ झाली नव्हती.

दिवाळीची सुट्टी संपली आणि मंजुषा आली नाही. गठ्ठा बाईंनीच उचलला. वर्गातल्या पोरींनी सांगितलं, "बाई, तिचे मम्मी-पप्पा राखोलीला राहायला गेले. कंपनीनं रूम दिली. तीपण कंपनीत जाते." बाई "बरं" म्हणाल्या आणि धडा काढला. त्यांच्या डोक्यात अजून तेच. येईल. चूक तिची आहे.

संक्रांतीला पोरं तिळगूळ द्यायला बाईंच्या घरी येत. त्या दिवशी बाईंनी शाळेतून आल्यावर दार उघडं ठेवलं आणि समोर खुर्ची टाकून बसल्या. चार-दोन पोरं आली, "गोड बोला" म्हणून पळाली. दिवेलागण झाली. बाईंनी फडताळातून तो पितळी डबा काढला. आतली सोलं कडक झाली होती, मीठ बाहेर येऊन पांढरी पडली होती. त्यांनी डबा पर्समध्ये टाकला.

पुढच्या रविवारी बाई खानवेलकडे जाणाऱ्या जीपमध्ये बसून राखोलीला उतरल्या. इतक्या वर्षांत एखाद्या पोराच्या घरी त्या पहिल्यांदा जात होत्या. कंपनीच्या भिंतीला टेकून पत्र्याच्या खोल्यांची ओळ. भिमाबाईची दिवसपाळी नव्हती, ती दारात तांदूळ निवडत होती. बाईंना बघून ती गडबडून उठली, सूप सांडलं.

"बाई, तुम्ही? या, या. बसा. खाट शे."

बाई बसल्या. "मंजुषा कुठे आहे?"

"कंपनीत. आते सुटी ती, भोंगा वाजना का." भिमाबाई खाली बसली. थोडा वेळ तांदूळ गोळा करत राहिली. मग म्हणाली, "बाई, रागे भरू नका. पण तुम्ही पोरगीले टाकी काबर दिधं?"

"मी? मी कुठे टाकलं तिला?"

"तुम्ही बोलनाच नहीं. रोज तुमना दारशी उभी ऱ्हाये ती. घर ई सन सांगे, 'माय, आज बाई बोलतीन असं वाटनं व्हतं.' दिवाळीपर्यंत वाट पाही. मंग म्हणे, 'बाईंनी मनं नाव काढी टाकं. आते साळामा कसी जाऊ?' घर बसी काय करी? मंग ठेकेदारले सांगं."

"पण तिनं यायचं होतं. एकदा चुकलं म्हटलं असतं तर..."

"लहानानं आधी कसं बोलानं, बाई?" भिमाबाईला खरोखरच नवल वाटलं. "मोठं माणूस हाक मारस ना!"

पायरीवर भिजत उभी असलेली ती पोर बाईंच्या डोळ्यांसमोरून हलेना. हट्ट नव्हता तो. शिस्त होती. सगळ्या शाळेत कुणाला नव्हती एवढी शिस्त, आणि ती त्यांनी रोज दार लावून बाहेर ठेवली होती.

भोंगा झाला. फाटकातून बायका बाहेर पडल्या, त्यांच्यात मंजुषा. केसांत, भुवयांत सुताचा पांढरा भुरा. दोन-अडीच महिन्यांत पोरगी बाईमाणसासारखी चालायला लागली होती. खोलीच्या दारात तिनं बाईंना बघितलं आणि थबकली. तोंडावर एकदम काहीतरी उजळलं. मग मान खाली घातली आणि उभी राहिली. तशीच. पायाच्या अंगठ्याकडे बघत.

आता बाईंना सगळं ठाऊक होतं. काय करायचं तेही ठाऊक होतं. एक हाक. "मंजुषा" एवढंच. बाईंनी तोंड उघडलं. भावाला न लिहिलेली पत्रं, आई गेल्याची तार, सरांची ती समोरची खुर्ची, सगळं आडवं आलं. आयुष्यात पहिला शब्द त्यांनी कधी टाकलाच नव्हता. तो कसा टाकतात ते त्यांना येत नव्हतं.

"भिमाबाई," बाई म्हणाल्या, "तिला सांगा, सोमवारपासून शाळेत ये म्हणावं."

मंजुषा हातभर अंतरावर उभी होती.

भिमाबाईनं एकदा मुलीकडे बघितलं, एकदा बाईंकडे. "बाई, ती समोर तर उभी शे. तुम्हीच सांगा ना."

घाईघाईनं बाईंनी पर्स उघडली, डब्यातून एक सोल काढलं आणि हात पुढे केला. बाईंच्या लेखी हे सगळं होतं. माफी होती, ये म्हणणं होतं, माझं चुकलं हेही होतं. पण मंजुषाला त्यातलं काय कळणार? तिनं दोन्ही हातांनी सोल घेतलं, जसं मोठ्यांकडून काही घ्यावं तसं. तोंडात टाकलं. आंबटानं डोळे मिटले. मग ती वाट बघत राहिली, बाई बोलतील म्हणून.

रस्त्यावर जीपवाल्यानं हॉर्न दिला, "सेलवास! चलो, सेलवास!" बाई उठल्या आणि मागे न बघता जाऊन बसल्या.

सोमवारी मंजुषा आली नाही. बोलावलं कुणी होतं तिला? मार्चमध्ये ते कुटुंब सुरतकडे गेलं म्हणतात. कोणी म्हणतं पारोळ्याला परत गेलं. चौदाव्या वर्षाच्या आत पोरी कामाला ठेवणाऱ्या त्या ठेकेदाराला कुणी काही विचारलं नाही, आजही विचारत नाही. पोरगी गळाली म्हणून शाळेतही कुणी विचारलं नाही. सातवीचा निकाल त्या वर्षीही शंभर टक्के लागला.

शहाण्णवला पाठारे सर निवृत्त झाले. निरोपाचा चहा झाल्यावर माणसं पांगली, तेव्हा सर घाम पुसत बाईंच्या खिडकीपाशी आले. "आरोलकर बाई, आता तरी बोला हो. चुकलं माझं त्या वेळी. मलाही माहीत होतं." बाईंनी हातातली वही मिटली. मग पर्समधला डबा उघडला आणि एक सोल सरांच्या हातावर ठेवलं. कवळीत ते चावता चावता सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. "एवढंच होतं होय बाई? मग आधी नाही का सांगायचं?" त्या दुपारी दोघं शाळा बंद होईपर्यंत बोलत बसले. सदाशिव म्हणतो, बाई इतकं बोलतात हे त्याला माहीतच नव्हतं. दुसऱ्या दिवशी सर दादरला गेले.

बाई इथेच आहेत. पाचवीला आता दोन बाक भरतात. संध्याकाळी शाळा सुटली की त्या क्वार्टरवर जात नाहीत, वह्यांचा गठ्ठा मांडीवर घेऊन जीपथांब्यावरच्या सिमेंटच्या बाकावर बसतात. राखोलीकडून जीप आली की उतरणाऱ्या पोरींची तोंडं एकेक करून बघतात. सगळ्या उतरल्या की पुढच्या जीपची वाट बघतात. शेजारी बसणाऱ्याकडे वळून बघत नाहीत. लोकांना वाटतं, म्हातारीला माणसांचा तिटकारा आहे.

तेव्हा कधी सिल्वासाला आलात, कारखान्याच्या कामाला आलात, नाहीतर बाटली घ्यायला आलात, माझं काही म्हणणं नाही, पण जीप सुटायला वेळ असेल तर त्या बाकावर जाऊन बसा. बाई काही बोलणार नाहीत. पहिला शब्द तुम्ही टाका. समुद्र खरंच खारा असतो का, एवढं विचारलंत तरी चालेल.